मान्यवरांची पाटी आणि आत्याची कच्ची कबर

आमच्या दफनभूमीत शिरलं की आधी साहेब लागतात. फाटकापासून विहिरीपर्यंतची सगळी सावलीची जागा त्यांची. संगमरवरी देवदूत, लोखंडी साखळ्या, दगडात कोरलेल्या इंग्रजी ओळी. कन्हानच्या पुलाच्या कामावर आलेला एक इंजिनियर तिथे आहे, एका कमिशनरची बायको आहे, मिशनचा एक डॉक्टर आहे, एक जज्ज आहे. एक कर्नलही आहे. दगडावरून त्याच्याबद्दल कळतं ते एवढंच, की हा गृहस्थ हिवाळ्याच्या शेवटी नागपुरात आला आणि मे महिन्यात गेला. आमचा एक उन्हाळा त्याला पुरा काढता आला नाही. कबर मात्र आमच्या घराच्या पुढच्या खोलीएवढी.

विहिरीच्या पलीकडे देशी माणसं सुरू होतात. आधी पक्क्या कबरी, टाइल्स लावलेल्या, काहींवर शहाबादी फरशी. मग बोरी-बाभळी, मग मागची भिंत, आणि भिंतीला लागून कच्च्या कबरी. मातीचा उंचवटा, डोक्याशी लोखंडी पट्ट्यांचा क्रूस, त्यावर ऑइलपेंटने लिहिलेलं नाव. ऊन ते नाव लवकरच खाऊन टाकतं. नोव्हेंबरात कबरी साफ करायच्या दिवशी घरचं कोणीतरी ब्रश घेऊन येतं आणि पुन्हा लिहितं. ज्यांचं कोणी येत नाही त्यांचे क्रूस नुसते उभे असतात.

माझी आत्या या भिंतीपाशी आहे. बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना तिनेच वाढवलं. लग्न केलं नाही. महानगरपालिकेच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि वस्तीतल्या मुलींना हॉकी शिकवायची, मुरुमाच्या मैदानावर, नडगीला पुठ्ठे बांधून. मी शाळेत असताना ती गेली. तेव्हा घरात पक्की कबर बांधण्याची ऐपत नव्हती, आणि ऐपत आली तोवर समितीने पक्क्या कबरींची परवानगी देणं बंद केलं होतं.

का बंद केलं, तेही सांगते. जागा संपली. हे खरं आहे, मी नाकारत नाही. चर्चची मंडळी वाढली, माणसं मरायची थांबली नाहीत, आणि चारही बाजूंनी फ्लॅट उभे राहिले. म्हणून आमच्याकडे रीत पडली की ठरावीक वर्षं झाली की कच्ची कबर पुन्हा उघडायची. आतली हाडं प्रार्थना करून आणखी खाली सरकवायची आणि वर नवीन पेटी ठेवायची. क्रूस बदलतो, नाव बदलतं. पक्क्या कबरीला कोणी हात लावत नाही. म्हणजे मेल्यावर किती दिवस एकट्याने पडून राहायचं, हे तुमच्या घरच्यांनी सिमेंट केव्हा आणलं यावर ठरतं. साहेबांचा तर प्रश्नच नाही. त्यांच्या नातवंडांनी शंभर वर्षांत इकडे पाऊल टाकलेलं नाही, पण देवदूत हलत नाही म्हणून साहेबही हलत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात समितीने फाटकावर कागद लावला. मागच्या भिंतीची रांग पावसाळा संपल्यावर उघडण्यात येईल. त्याच कागदावर खाली दुसरी बातमी होती, ठळक अक्षरांत. या ऐतिहासिक दफनभूमीत विसावलेल्या मान्यवर व्यक्तींच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी फाटकाशी बसवण्यात येणार आहे, त्यांच्या कबरी कायमस्वरूपी जतन केल्या जातील, आणि कोणाला नाव सुचवायचं असल्यास समितीकडे अर्ज करावा.

बाबा रविवारची उपासना झाली की दफनभूमीत जाऊन येतात. त्या रविवारी ते घरी आले, चपला काढल्या आणि कूलरसमोर नुसतेच बसून राहिले. ताट वाढलं तरी उठले नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताईले उठवून राहिले."

"कोण?"

"समिती. तिच्या अंगावर दुसऱ्याले टाकणार." मग म्हणाले, "तिले बाजूले कोणी झोपलेलं चालत नव्हतं वं. मी लहान होतो त मले लाथ मारून खाटेखाली पाडे. आता कोण्या परक्या माणसाले घेऊन झोपन का ती?"

माझे बाबा रडणारे नाहीत. कळमेश्वरच्या कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म गेला, रिटायर झाले त्या दिवशीसुद्धा डोळे कोरडे होते. त्या दुपारी ते जेवले नाहीत, एवढंच. आमच्या घरात हे पुष्कळ झालं.

मी पत्रकं लिहिते. माझं तेच काम आहे. वस्तीचं पाणी तोडलं, पत्रक. अतिक्रमण म्हणून टपऱ्या उचलल्या, पत्रक. ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी शिकवलं ते असं: मथळा ठळक, पहिलं वाक्य चिडलेलं, मधे अन्याय, शेवटी मागणी, आणि सगळं एका पानात, कारण पान उलटून कोणी वाचत नाही. या पद्धतीने मी पाणी परत आणलेलं आहे. म्हणून मला वाटलं, एक कबर वाचवणं काय अवघड आहे? आत्याला पाटीवर न्यायचं. तिचं नाव मान्यवरांत गेलं की कबर कायमची. घोड्यावर बसायला आलेला आणि लू लागून गेलेला कर्नल मान्यवर असेल, तर माझी आत्या का नाही?

पत्रक एका बैठकीत झालं. मथळा होता: 'वस्तीतल्या लेकींची रणझुंजार क्रीडामाता विस्मृतीत का?' खाली लिहिलं होतं की तिने असंख्य मुलींना मैदानावर आणलं, विजयाच्या शिखरावर नेलं आणि विदर्भाचं नाव उज्ज्वल केलं. झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा आणला आणि चर्चच्या फाटकाशी वाटला. लोकांनी पत्रक वाचलं, घडी घालून बायबलात ठेवलं. एक प्रत अर्ज म्हणून समितीला दिली. पावसाळ्यात समितीचं उत्तर आलं की अर्ज विचारात घेतला आहे, साक्षीदार असल्यास बैठकीला आणावेत.

साक्षीदार शोधायला मी दोन आठवडे फिरले. आत्याच्या हाताखाली खेळलेल्या बऱ्याच जणी लग्न होऊन पांगल्या होत्या. दोघी मिळाल्या. एक उमरेडच्या एसटीवर कंडक्टर आहे, दुसरी तेव्हाची गोलकीपर, आता वर्धा रोडवरच्या एका कॅन्टीनमध्ये पोळ्या करते. दोघी पन्नाशीकडे झुकलेल्या. दोघी लगेच यायला तयार झाल्या. कंडक्टरबाईंनी तर ड्यूटी बदलून घेतली.

"फक्त मॅडमबद्दल चांगलं बोला," मी दोघींना बजावून सांगितलं.

"चांगलंच बोलू ना," त्या म्हणाल्या.

बैठक फाटकाजवळच्या खोलीत होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर येशूचं कॅलेंडर, कोपऱ्यात फावडी आणि घमेली. समितीचे अध्यक्ष बँकेतून रिटायर झालेले, आमच्या मंडळीत सगळ्यात कडक इस्त्रीचा शर्ट त्यांचाच. माणूस वाईट नाही. कोणाकडे मयत झाली की सगळ्यात आधी तेच पोचतात. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं जास्त कठीण जातं. बाबा माझ्याशेजारी बसले होते, टोपी मांडीवर ठेवून.

अध्यक्षांनी माझं पत्रक उचललं, चष्मा नीट केला.

"ताई, ही 'क्रीडामाता' काय पदवी आहे का? कोणी दिली?"

"लोकांनी," मी म्हटलं.

"कोणत्या लोकांनी?"

मी दुसऱ्या बाजूला बसलेल्या साक्षीदारांकडे पाहिलं.

"मी त नाही दिली," कंडक्टरबाई म्हणाल्या. "आम्ही त्याईले मॅडम म्हणत होतो. मागून दुसरं म्हणत होतो, ते इथं नाही सांगत."

समितीतला एक जण हसला. अध्यक्षांनी पुढचं वाक्य वाचलं.

"'विजयाच्या शिखरावर नेलं.' कोणत्या स्पर्धा जिंकल्या?"

"जिंकलो म्हणजे," कंडक्टरबाईंनी आठवून पाहिलं, "एक त असन."

"नाही वं," गोलकीपर म्हणाली. "ते कामठीवाल्या आल्याच नव्हत्या ना. म्हणून आपल्याले देऊन टाकली."

"हो ना. मंग नाही साहेब. एकही नाही."

मी गोलकीपरच्या पायावर पाय दिला. तिने पाय बाजूला घेतला आणि चालूच ठेवलं.

"कशा जिंकून साहेब? मॅचच्या आधी मॅडम ग्राउंडचे चक्कर मारायले लावे. म्हणे, गरम व्हा. आम्ही अर्ध्या त तिथंच संपून जाओ. उमरेडच्या पोट्ट्या खदानीवाल्यांच्या, हे एवढाल्या. त्या हसत हसत गोल करत. मी किती गोल खाल्ले त्याचा हिशोबच नाही."

"राज्यस्तरावर कोणी गेलं का?" अध्यक्षांनी विचारलं. खरंच विचारत होते, त्यांना काहीतरी धरायला हवं होतं.

"कोणी नाही गेलं."

"पेपरात कधी बातमी?"

"आली होती," कंडक्टरबाई उत्साहाने म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. "एकदा मॅडमनं पंचाले शिवी दिली. त्याची शिट्टीच धरली हातात अन् म्हणे, डोळे घरी ठेवून आला का? ते आलं होतं पेपरात. फोटो नव्हता."

आता सगळेच हसत होते. बाबासुद्धा हसत होते. टोपी तोंडावर धरून, खांदे हलवत. त्या खोलीत न हसणारी मी एकटी होते, आणि मला त्या दोघींचा सणसणून राग आला होता. ड्यूटी बदलून, दोन बस बदलून या बायका आत्याची केस बुडवायला आल्या होत्या.

"मग त्यांनी केलं काय, बाई?" अध्यक्षांनी शेवटी विचारलं. "तुमच्या शब्दांत सांगा."

गोलकीपरने पदर खोचला. "माझा बाप म्हणे, पोट्टी हाफपँट घालून पळन त लग्न कोण करन तिच्याशी? मले घरी बसवलं. मॅडम आल्या अन् आमच्या उंबऱ्यावर बसल्या. बापानं चहा आणला, घेतला नाही. माय म्हणे जेवून घ्या, जेवल्या नाही. शेजारपाजार जमला. कोणाले आत जाता येईना, बाहेर येता येईना. बाप म्हणे, घेऊन जा बाई तिले, पण उठा इथून."

"सगळ्यांच्याच उंबऱ्यावर बसल्या त्या," कंडक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या घरी दोनदा बसल्या. दुसऱ्या वेळी माझ्या नोकरीसाठी. सासरा पाठवत नव्हता."

मला वाटलं, झालं काम. हे पत्रकात लिहायला हवं होतं, हे मला तिथेच कळलं. पण आत्याने हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. घरी ती हॉकीबद्दल बोलायची ते फक्त पंच किती हलकट होते एवढंच.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "फार चांगलं काम," ते म्हणाले. "मनापासून सांगतो. पण ताई, हे मी रेकॉर्डवर कसं घेऊ? पदक नाही, पुरस्कार नाही, पद नाही. पाटीवर नावापुढे काय लिहायचं? 'उंबऱ्यावर बसल्या'?"

"लिहा ना," मी म्हटलं. "कर्नलच्या नावापुढे काय लिहिणार आहात? 'उकडलं म्हणून गेले'?"

"त्यांच्या कबरी शंभर वर्षं जुन्या आहेत. हेरिटेज आहे."

"आत्याचीही होईल शंभर वर्षांनी. तुम्ही राहू दिली तर."

त्यांनी पत्रक फाइलीत ठेवलं. बैठक संपली. बाहेर निघाल्यावर मी साक्षीदारांना म्हटलं, "चांगलं बोला म्हटलं होतं ना मी?"

"मग काय वाईट बोललो?" कंडक्टरबाईंना खरंच कळेना. "खोटं बोललो असतो त मॅडमनं वरून स्टिक फेकून मारली असती. तू लिहिलं ते कोणाबद्दल आहे वं? आम्ही वाचलं त आम्हाले वाटलं, ह्या दुसऱ्याच कोणी बाई असतीन."

त्या बसकडे गेल्या. मी स्कूटी काढत होते, तेवढ्यात अध्यक्ष बाबांच्या मागे आले आणि त्यांना बाजूला घेऊन बोलू लागले. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणत होते, "अहो, तुम्ही मोठ्या पाळकसाहेबांचे सख्खे पुतणे ना? मग आधी का नाही सांगितलं? त्यांचं नाव पाटीवर आहेच. मान्यवरांच्या कुटुंबीयांच्या कबरींनाही आपण संरक्षण देतो, असा ठराव आहे. तुमच्या ताई त्यांच्या पुतणी झाल्या. एक साधा अर्ज द्या. प्रश्नच मिटला."

मोठे पाळकसाहेब म्हणजे बाबांचे काका. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. आमच्या मंडळीचे पहिले देशी पाळक, साहेबांच्या ओळीत शेवटची पक्की कबर त्यांचीच आहे. मोठा माणूस होता, असं सगळे सांगतात. आमच्या घरात त्यांचं नाव वेगळ्या कारणासाठी निघतं. आत्याने मुलींना हॉकी शिकवायला घेतली तेव्हा याच काकांनी भर उपासनेत, व्यासपीठावरून, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं सांगितलं होतं, की आपल्याच घराण्यातली एक मुलगी इतरांच्या मुलींना अर्ध्या कपड्यांत रस्त्यावर पळवते आणि देवाच्या घराला लाज आणते. आत्या तिसऱ्या बाकावर होती. ती उठली, मधल्या रांगेतून चालत बाहेर गेली आणि नंतर त्या चर्चमध्ये आली ती पेटीतून.

आणि आता तिने कायमचं पडून राहायचं ते कोणाच्या नावावर? त्यांच्या.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं की हा अर्ज आपण द्यायचा नाही. बाबा चहा पीत होते.

"तिले चाललं असतं का हे?" मी विचारलं.

"तिले काय चालत होतं?" बाबा म्हणाले. "तिले पंच चालत नव्हता, चहात साखर चालत नव्हती, मी मिशी ठेवली ते चालत नव्हतं. तिले विचारून काही करायचं म्हटलं असतं त मी अजून बिनमिशीचा असतो."

"मस्करी करू नका. ज्या माणसानं तिले भर चर्चमध्ये..."

"मले माहीत आहे. मी तिथंच होतो. तिच्या बाजूले बसलो होतो."

"मग?"

"तेव्हा मी उठलो नाही वं. ती गेली अन् मी बसून राहिलो. काका होते, समोर सगळे होते. म्हणून काय आता तिले उठवू देऊ?"

मी म्हटलं की आपण लढू. आणखी साक्षीदार आणू, उंबऱ्याची गोष्ट लिहू, नवीन पत्रक काढू, समितीसमोर बसू. मी बरंच बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस लागतीन?"

"सांगता येत नाही."

"पावसाळा संपून राहिला," ते म्हणाले, आणि पेन मागितलं.

अर्जात नात्याचा रकाना होता. बाबांनी कारखान्यातल्या सवयीने ठळक अक्षरांत लिहिलं: पुतणी. मी म्हटलं, निदान शिक्षिका तरी लिहा. त्यांनी कागद उलटून पालटून पाहिला. काय काम करत होती हे विचारणारा रकानाच नव्हता. समासात लिहितो म्हणाले आणि समासात बारीक अक्षरांत 'हॉकी' लिहिलं. मंजुरीचं पत्र आलं त्यात समासातलं काही आलं नाही.

पाटी बसली. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वर कबुतर. इंजिनियर, कमिशनरची बायको, जज्ज, डॉक्टर, कर्नल. शेवटी मोठे पाळकसाहेब. उद्घाटनाला फीत होती, बुंदीचे लाडू होते. ज्या कुटुंबीयांच्या कबरी वाचल्या त्यांच्या क्रूसांना स्टीलची छोटी पट्टी स्क्रूने बसवण्यात आली. आत्याच्या पट्टीवर आहे: 'संरक्षित. पहिल्या देशी पाळकांची पुतणी.' कंडक्टरबाई बघायला आल्या होत्या. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले होते, हे त्यांच्या लक्षात आलं.

"काढशील त उघडतीन ते," त्या म्हणाल्या. "राहू दे. शिव्या दे अन् राहू दे."

मी शिव्या दिल्या आणि राहू दिली.

मग मागची रांग उघडायला सुरुवात झाली. भिंतीच्या टोकापासून एकेक कबर. मी एकदा उभी राहून पाहिलं. खणणारे काळजीपूर्वक काम करत होते, आताच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, कोणी अपमान केला असं मी म्हणणार नाही. जुना क्रूस उपटून भिंतीला टेकवून ठेवला. त्यावरचं नाव उडालेलं होतं. नवीन पेटी आली, नवीन माणसं रडली. ज्याला खाली सरकवलं त्याच्यासाठी तिथे कोणी नव्हतं. तोही आयुष्यभर काहीतरी करत असणार. कोणाच्या तरी उंबऱ्यावर बसला असेल, नसेलही बसला. भाकरी कमावली असेल, पोरं वाढवली असतील, चारचौघांसारखा चिडला असेल. त्याचे काका पाळक नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा.

तेव्हा मला माझी खरी मागणी सुचली. आत्याला पाटीवर घ्या ही नव्हेच. पाटीच नको. मान्यवर आणि बिनमान्यवर असा भेदच नको. विहिरीपर्यंतच्या साहेबांच्या एकेका चौथऱ्यात आमची चार माणसं मावतील एवढी जागा आहे. उघडायच्याच असतील तर सगळ्यांच्या उघडा, कर्नलपासून सुरुवात करा. नाहीतर कोणाचीच नको. एका पानात बसणारी, साधी, सरळ मागणी. या वेळी मी एकही विशेषण घातलं नाही. आत्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. आजवर लिहिलेलं माझं सगळ्यात चांगलं पत्रक ते असेल.

नोव्हेंबरात कबरी साफ करायच्या दिवशी मी गठ्ठा घेऊन मागच्या भिंतीपाशी उभी राहिले. गर्दी होती. बादल्या, खराटे, शेवंतीच्या माळा, मेणबत्त्यांची पाकिटं. आत्याच्या शेजारच्या कबरीवर एक बाई गवत उपटत होती. तिच्या भावाची कबर, ती म्हणाली. रेल्वेत हमाल होता. नवीन वर्षात त्याची पाळी होती.

मी तिला पत्रक दिलं. तिने हात पुसले आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मान हलवत होती.

"बरोबर लिहिलं आहे," ती म्हणाली. "सही कुठं करू?"

मी पेन काढलं.

"तुमचं कोण आहे इथं?"

मी आत्याच्या क्रूसाकडे बोट केलं. बाबा तिथे पाणी शिंपडत होते. बाई दोन पावलं पुढे गेली, वाकली आणि स्टीलच्या पट्टीवरचं वाचलं. मग माझ्याकडे आली.

"तुमची त राहून राहिली."

"हो. पण म्हणूनच सांगते, हा नियमच..."

"कायले राहिली?"

"तिचे काका पाळक होते म्हणून. आम्हाला नको होतं ते. आम्ही तिच्या कामासाठी भांडलो होतो."

"मग घेतलं काहून?"

मी सांगायला लागले. बैठक, साक्षीदार, पावसाळा संपत आला होता, बाबांचं वय. ती ऐकत होती, पण तिचा हात पेनाकडे आला नाही.

"माझा भाऊ कोणाचा पुतण्या नव्हता, ताई," ती म्हणाली. "असता त मीही अर्ज केला असता. तुम्हाले दोष नाही देत. पण तुमची आत जाऊन बसली, अन् आता तुम्ही म्हणता दरवाजा काढून टाका. मी सही करून समितीच्या डोळ्यांवर येऊ, अन् तुमची कबर तशीच. माझ्या भावाले त उद्याऐवजी आजच काढतीन."

"असं होणार नाही."

"कशावरून?"

तिने पत्रकाची घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली. "दुसऱ्याले द्या, वाया जाईन," म्हणाली आणि पुन्हा गवताला लागली.

मी रांगेत पुढे गेले. एक म्हातारे गृहस्थ, मग एक नवरा-बायको, मग कॉलेजातली दोन मुलं. सगळ्यांनी वाचलं, सगळे म्हणाले बरोबर आहे, आणि सगळ्यांनी तेच विचारलं, तुमचं कोण आहे इथं. खोटं सांगायचं मी त्या बैठकीतच सोडलं होतं. म्हणून बोट दाखवत राहिले. पट्टी उन्हात लांबूनच चमकत होती. संध्याकाळी गठ्ठा जवळजवळ जसाच्या तसा घरी आला, आणि त्यावर सही होती ती फक्त बाबांची.